न बघता कॉर्ड लागते कशी

नव्याने गिटार शिकणाऱ्या माणसाला वाजवताना बाजूने बघावं. हनुवटी छातीला टेकलेली, पाठीला पोक, नजर डाव्या हाताच्या बोटांवर, आणि गिटारचं तोंड समोर असायच्या ऐवजी छताकडे. बोटं दिसावीत म्हणून गिटार मागे कलती धरलेली असते. गंमत म्हणजे इतकं करूनही कामाचं फारसं काही दिसत नाही. वरून दिसतात त्या सहावी (सर्वांत जाड) आणि पाचवी तार, फार तर चौथी, आणि स्वतःच्याच बोटांची पेरं. पहिल्या तीन तारा बोटांच्या आड जातात. तार नीट दबली आहे का आणि शेजारच्या तारेला बोट चिकटलंय का, यावर कॉर्डचा, म्हणजे एकदम छेडलेल्या स्वरांच्या जुळणीचा, आवाज ठरतो. या दोन्ही गोष्टी डोळ्यांना वरून कळतच नाहीत.

तोटा मात्र लगेच होतो. गिटार कलंडली की पातळ तारांपर्यंत पोचायला डावं मनगट जास्त दुमडावं लागतं, बोटं आडवी पडतात आणि आडवं पडलेलं बोट शेजारच्या तारेचा आवाज मारतं. मग कॉर्ड वाजत नाही, म्हणून माणूस आणखी वाकून बघतो. दुसरा तोटा उशिरा लक्षात येतो. सांधा किती वाकलाय, स्नायू किती ताणलाय याची खबर मेंदूला डोळ्यांशिवायही मिळत असते. स्नायूंत आणि स्नायुबंधांत त्यासाठी संवेदक असतात. ‘हात बसला’ असं आपण म्हणतो तो याच खबरीच्या जोरावर बसतो. पण हाताचं अंतर कुठल्या तरी ठरलेल्या जागेपासून मोजलं गेलं पाहिजे. वाड्याचा जिना रोजचा असेल तर अंधारात पाय चुकत नाही. तोच जिना रोज दोन इंच इकडेतिकडे सरकला तर पन्नास वर्षं राहिलेला माणूसही पडेल. दर कॉर्डला गिटार कलती-सरळ करणारा शिकाऊ आपला जिना स्वतःच हलवत असतो.

म्हणून पहिलं काम बैठकीचं, आणि ते कंटाळवाणं असलं तरी टाळू नये. बिनहाताची खुर्ची घ्यावी, बसल्यावर मांडी जमिनीला समांतर राहील अशी. बहुतेकांना ४३ ते ४५ सेंटीमीटर उंची पुरते. हात असलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत गिटारचा खालचा भाग हाताला अडतो. सोफ्यात माणूस खचतो आणि रोज वेगवेगळा खचतो. सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत खुर्चीच नसेल तर कॉटच्या कडेला, पाय जमिनीला पूर्ण टेकवून बसावं. गादी फार मऊ असेल तर त्या जागेपुरती गुंडाळून ठेवावी. मांडी घालून बसायला हरकत नाही, पण त्यात नेक (गिटारचा लांब दांडा) खाली झुकते. उजव्या मांडीखाली चादरीची घडी घातली की गिटार थोडी वर येते आणि हेडस्टॉक (नेकच्या टोकाचा खुंट्यांचा भाग) खांद्याच्या जवळपास राहतो. नायलॉन तारांची क्लासिकल गिटार असेल तर ती डाव्या मांडीवर घेऊन डाव्या पायाखाली १२ ते १५ सेंटीमीटरचा पाट ठेवतात. पाटच, त्यासाठी खास फूटस्टूल विकत घ्यायलाच हवं असं नाही.

बसूनही बेल्ट लावावा. उभं राहिल्यावर आणि बसल्यावर गिटार अंगावर एकाच उंचीला येईल इतकी त्याची लांबी ठेवावी. पुष्कळ अकूस्टिक गिटारांना बेल्टसाठी मागे एकच खुंटी असते. दुसरं टोक नटच्या (नेकच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्या) पलीकडे, तारांच्या खालून, हेडस्टॉकला नाडीने बांधतात. पँटवरून गिटार घसरत असेल तर ड्रॉवरमध्ये अंथरतात ती जाळीदार रबरी मॅट आणावी. पुण्यात बोहरी आळीच्या बाजारात ती मीटरवर कापून मिळते. वीतभर तुकडा मांडीवर पुरतो. मग परीक्षा घ्यायची: डावा हात पूर्ण सोडून द्यायचा. नेक खाली गेली तर डावा हात आत्तापर्यंत हमाली करत होता असं समजावं. ज्या हाताने वजन पेललंय तो हात अचूक जागी जाऊ शकत नाही. कपाटाच्या आरशासमोर बसून साउंडहोल (गिटारच्या पोटावरचं गोल भोक) सरळ समोर दिसतंय का तेही एकदा बघून घ्यावं.

आता बोटांना काय कळतं ते बघू. पेटीवर काळ्या पट्ट्यांचे दोन-तीनचे गट बोटाला लागतात आणि षड्ज सापडतो. गिटारचे फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बोटाला सगळे सारखेच लागतात, म्हणून गिटार अवघड. पण तारा सारख्या लागत नाहीत, आणि ही गोष्ट शिकवताना फार कमी वेळा सांगितली जाते. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिकवर पहिली आणि दुसरी तार गुळगुळीत, तिसरीपासून सहावीपर्यंत गुंडाळलेली, म्हणजे खरखरीत. इलेक्ट्रिकवर बहुधा तिसरीही गुळगुळीत असते आणि खरखर चौथीपासून सुरू होते. नायलॉनवर तीन गुळगुळीत, तीन खरखरीत. त्यामुळे तारांच्या मधोमध बोटाला कळणारी एक हद्द आपोआप मिळते. जाडीही बदलते: बाराच्या सेटमध्ये (हा आकडा पहिल्या तारेच्या जाडीचा, हजारांश इंचात) पहिली तार ०.३० मिलिमीटर, सहावी १.३५, म्हणजे साडेचार पट. दिवा बंद करून तर्जनीने सहावीपासून पहिलीपर्यंत नुसतं चाचपत जावं, तारेचा नंबर मोठ्याने म्हणावा, मग ती तार छेडून पडताळावी. पाच-सहा दिवस रोज दोन मिनिटं केलं की तारांचा गोंधळ बराच मिटतो. बोटांना अजून घट्टे पडले नसतील तर दुखऱ्या बोटाला हा फरक नीट कळत नाही. दोन-चार आठवडे थांबावं लागतं. भांडी घासल्यावर किंवा अंघोळीनंतर लगेच वाजवायला बसू नये, कातडी मऊ पडलेली असते.

आडव्या अंतराचं गणित थोडं वेगळं आहे. फ्रेट पुढे पुढे अरुंद होत जातात. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर (ही लांबी इलेक्ट्रिकवर सर्रास आढळते, बऱ्याच मोठ्या अकूस्टिक ६४५ च्या असतात) पहिला फ्रेट नटपासून ३६.४ मिलिमीटरवर, दुसरा पहिल्यापासून ३४.३ वर, तिसरा दुसऱ्यापासून ३२.४ वर. बारावं घर (घर म्हणजे दोन फ्रेटमधली जागा) जेमतेम १९ मिलिमीटरचं. चार बोटं चार घरांत ठेवायची तर पहिल्या चार घरांत पंजा १३४ मिलिमीटरच्या पट्ट्यावर पसरतो, पाचव्या ते आठव्या घरांत १०६ वर आणि नवव्या ते बाराव्यात ८४ वर. म्हणजे ‘एका घराला एक बोट’ हा व्यायाम पहिल्या घरापासून सुरू करणं हा सर्वांत अवघड रस्ता. पाचव्यापासून सुरू करावा आणि रोज एक घर नटकडे यावं. पसाऱ्यातला हा फरक हाताने अनुभवला नाही, तर पाचव्या घरात न बघता अचूक बसणारं करंगळीचं बोट पहिल्या घरापाशी दोन सेंटीमीटर अलीकडेच पडतं आणि माणूस बोटाला दोष देतो. दुकानात ३८ इंची, ३९ इंची, ४१ इंची म्हणतात ती गिटारची एकूण लांबी. तारेची लांबी हवी असेल तर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजून दुप्पट करायची.

कॉर्डच्या सरावाचा क्रम साधा आहे, पण त्यातली एक पायरी लोक हमखास गाळतात. ई मायनरपासून सुरुवात करावी, दोनच बोटं लागतात: मधलं पाचव्या तारेवर, अनामिका चौथ्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या घरात. बघून लावा. नजर समोरच्या भिंतीवर न्या. बोटं तारेवरून न उचलता फक्त दाब सोडा, पुन्हा दाबा. मग बोटं अर्धा सेंटीमीटर उचला, तोच आकार हवेत ठेवा, पुन्हा टेकवा. मग दोन-तीन सेंटीमीटर. मग हात गुडघ्यावर ठेवा आणि परत आणा. परत आणल्यावर आधी सहा तारा एकेक करून छेडा, सहावीपासून पहिलीपर्यंत, आणि काय चुकलंय ते स्वतःशी बोला: ‘तिसरी ठप्प आहे’, ‘चौथी खरखरतेय’. आणि त्यानंतर बघा. गाळली जाते ती हीच पायरी. लोक आधी बघतात, मग छेडतात. मग कानाला काही ठरवायचं कामच उरत नाही, आणि हाताला चूक झाल्याची खबर मिळायला हवी ती मिळत नाही. कान खात्रीने सांगेल यासाठी गिटार रोज ट्यून केलेली असावी. उतरलेल्या तारांवर हा सराव म्हणजे वेळ वाया.

कानाने ओळखायच्या खोड्या मुख्यतः चार. तार मेलेली, ‘ठप्प’ वाजते: शेजारचं बोट आडवं होऊन तिला टेकलंय. तार खरखरते, झणझणते: बोट फ्रेटपासून फार मागे आहे किंवा दाब कमी आहे. आवाज येतो पण दबका, कापडातून आल्यासारखा: बोट फ्रेटच्या धातूवरच चढलंय, दोन-तीन मिलिमीटर मागे घ्या. आणि चौथी, स्वर स्वच्छ येतो पण भलताच: तार किंवा घर चुकलंय. या चौघींचे उपाय वेगवेगळे आहेत. काहीही चुकलं की जोरात दाबणं, हा सगळीकडे दिसणारा उपाय फक्त दुसऱ्या खोडीला आणि तोही निम्म्या वेळाच लागू पडतो.

प्रत्येक कॉर्डची आपली ठरलेली दुखणी असतात, ती माहीत असली की न बघता निदान होतं. सी लावल्यावर पहिली तार मेली तर तर्जनी चपटी पडली आहे. बोटाचं टोक उभं करायला मनगट जरा पुढे काढावं. सी मध्येच चौथी मेली तर पाचव्या तारेवरची अनामिका झुकली आहे. डी मध्ये पहिली तार मरते ती जवळजवळ नेहमी दुसऱ्या तारेवरच्या अनामिकेमुळे. ए मायनरमध्ये चौथी खरखरते, कारण दुसऱ्या घरात दोन बोटं दाटीवाटीने बसतात आणि मधलं बोट मागे ढकललं जातं. अनामिकेने थोडी जागा द्यायची. जी मध्ये पाचवी तार हवी असून गप्प होते, तेव्हा सहावीवरचं बोट लवंडलेलं असतं. एफची बार कॉर्ड (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी टाकून धरायची) शेवटी घ्यावी. तिथे तर्जनीच्या सांध्याची घडी नेमकी दुसऱ्या तारेवर येते आणि ती तार दबत नाही. बोट अंगठ्याकडच्या कडेवर किंचित कलतं करायचं, किंवा दोन मिलिमीटर वरखाली सरकवायचं. एफमध्ये बोटांकडे बघून उपयोग शून्य, कारण सगळा घोळ तर्जनीच्या खालच्या बाजूला असतो.

एका कॉर्डवर हात परत येऊ लागला की बदल. इथे अख्खा पंजा उचलून नव्याने टाकायचा नसतो. दोन कॉर्डमध्ये सामाईक असलेलं बोट जागेवर राहतं आणि बाकीची बोटं त्याच्यापासून अंतर मोजतात. ए मायनरवरून सी: तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या घरात, मधलं चौथ्या तारेवर दुसऱ्या घरात, दोन्ही तशीच, फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून उठून पाचव्या तारेच्या तिसऱ्या घरात. ही जोडी न बघता सर्वांत आधी बसते. जी चार बोटांनी धरली, म्हणजे अनामिका दुसऱ्या आणि करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्या घरात, तर सी ॲड नाइनला जाताना ती दोन बोटं हलतच नाहीत, आणि डीला जातानाही अनामिका जागेवर राहते. ए, डी, ई या तिकडीसाठी ए जरा वेगळ्या बोटांनी धरावी: मधलं चौथ्या, तर्जनी तिसऱ्या, अनामिका दुसऱ्या तारेवर. मग डीला जाताना तर्जनी तिथेच आणि अनामिका दुसऱ्या तारेवरूनच एक घर पुढे घसरते. ईला जाताना तर्जनी तिसऱ्या तारेवरून एक घर मागे येते. तर्जनी तिसरी तार कधी सोडतच नाही. घसरताना दाब सोडायचा, स्पर्श सोडायचा नाही. गुंडाळलेल्या तारेवर हलकी चर्र ऐकू येते. सुरुवातीला ती खुशाल येऊ द्यावी, बोट तारेवर आहे याची ती पावती आहे.

जिथे सामाईक बोट नाही तिथे सामाईक आकार शोधावा. ई आणि ए मायनरचा आकार अगदी एकच, फक्त सगळी बोटं एक तार पातळ बाजूला सरकतात. न बघता सराव करायला ही जोडी फार चांगली, कारण चुकून मूळ जागीच राहिलात तर ई मेजर वाजते आणि ए मायनर ऐकायला तयार असलेला कान ते तत्काळ पकडतो.

मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ५० किंवा ६० ठोक्यांवर ठेवावा, दर कॉर्डला चार ठोके. चौथ्या ठोक्यावर हात सुटला तरी चालेल, पण पुढच्या पहिल्या ठोक्यावर बोटं टेकलेली हवीत. सलग आठ बदल स्वच्छ झाले की गती चार-पाचने वाढवावी. एका बैठकीत दहा मिनिटं पुरे, दिवसातून दोनदा. अर्धा तास सलग करण्यापेक्षा हे लवकर लागू पडतं, कारण हात थकला की आकार ढिले पडतात आणि ढिला आकारही तितक्याच इमानदारीने बसतो. बराचसा सराव आवाजाशिवायही होतो: डाव्या हाताने नुसते बदल करायचे, उजवा हात स्वस्थ. दुपारी १ ते ४ मध्ये शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे असतील तर पुण्यात हा प्रकार विशेष उपयोगी. दर दहा-बारा बदलांनंतर एकदा हळूच छेडून खात्री मात्र करून घ्यावी.

अंगठ्याबद्दल दोन शब्द. नेकच्या मागे, साधारण मधल्या बोटाच्या समोर तो राहिला की पंजाला मागून टेका मिळतो आणि हात कुठल्या घरात आहे याचा अंदाज अंगठ्यालाही येऊ लागतो. काही जण अंगठा नेकवरून पुढे काढून धरतात. साध्या कॉर्डना तेही चालतं, तिथे तर्जनीच्या बुडाचा भाग नेकच्या कडेला टेकून खूण देतो. पण आज एक, उद्या दुसरं असं करू नये. पंजा पुढच्या घरांत गेला की अंगठाही त्याच वेळी जातो. तो मागे राहिला की बोटं तिरकी पडतात आणि मग नजर जाते.

डाव्या हाताच्या नादात उजवा विसरला जातो. पिकने (तारा छेडायच्या चपट्या तुकड्याने) भलतीच तार लागते, म्हणून लोक साउंडहोलकडे बघतात. उजव्या कोपराच्या पुढचा भाग गिटारच्या वरच्या कडेवर एकाच जागी टेकलेला हवा. ब्रिजपाशी, म्हणजे तारा गिटारच्या अंगाला अडकवलेल्या असतात तिथे, दोन तारांमध्ये १० ते ११ मिलिमीटरचं अंतर असतं, नटपाशी ते ७ च्या आसपास येतं, म्हणजे उजव्या हाताला जागा जास्त आहे. मोकळ्या तारांवर सहावी-चौथी-पाचवी-तिसरी-चौथी-दुसरी असं उड्या मारत छेडावं, नजर घड्याळावर. खालच्या बाजूला करंगळी लाकडाला हलकी टेकली तर मदत होते, पण रोवून बसवू नये, स्ट्रमिंगला, म्हणजे सगळ्या तारा एका झटक्यात छेडताना, हात अडतो. सी आणि ए पाचव्या तारेपासून, डी चौथ्यापासून सुरू करायची असते. आधी ती एक तार सुटी छेडून मग स्ट्रम करण्याची सवय लावली की सुरुवातीची जागा आपोआप सापडते.

लांबच्या उड्यांचा विषय वेगळा, आणि तिथे न बघण्याचा हट्ट मला पटत नाही. दुसऱ्या घरातून नवव्यात जायचं असेल तर अनुभवी वाजवणारेही एक नजर टाकतात. फरक एवढाच की ते हाताकडे बघत नाहीत. नजर आधी मुक्कामावर, म्हणजे नेकच्या वरच्या कडेवरच्या ठिपक्यावर, आणि हात तिच्या मागोमाग. ३, ५, ७, ९ आणि १२ या घरांना कडेवर ठिपके असतात, त्यासाठी गिटार कलती करावी लागत नाही. क्लासिकल गिटारला बहुधा ते नसतात; सातव्या घरापाशी कडेवर पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका देऊन काम भागतं. काही जण बोटाला लागेल असा उंचवटा करतात, फेविकॉलचा वाळलेला थेंब वगैरे. चालतं, पण मग हात तो थेंब शोधायला शिकतो, आणि दुसऱ्याच्या गिटारवर थेंब नसतो.

छोट्या उड्या मात्र न बघता जमतात, आणि तपासायला मोकळ्या तारा आहेत. सहाव्या तारेवर पाचवं घर दाबलं की मोकळ्या पाचवीचाच स्वर येतो. दहावं दाबलं की मोकळ्या चौथीचा. पाचव्या तारेवर दहावं घर म्हणजे मोकळी तिसरी. चौथ्यावर नववं म्हणजे मोकळी दुसरी. तिसऱ्यावर नववं म्हणजे मोकळी पहिली. डोळे भिंतीवर ठेवून उडी मारा, दोन्ही तारा एकत्र छेडा. स्वर एकरूप झाले तर घर बरोबर. एक घर चुकलं तर अर्ध्या स्वराची कचकच इतकी कडू लागते की दुसरा परीक्षक नको. हात किती गेला याचा अंदाज सुरुवातीला सतत एकाच बाजूला चुकतो, बहुतेकांचा कमी पडतो, कारण पुढची घरं अरुंद आहेत हे डोक्याला कळतं आणि कोपर मात्र जागचं हलत नाही. उडी कोपरातून मारायची, मनगटातून नाही.

नजर काढून घेतली की पहिले काही दिवस दाब वाढतो. खात्री नसलेलं बोट तार आवळून धरतं, आणि अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागतं. त्यावर उपाय: एक बोट तारेवर नुसतं ठेवून तार सारखी छेडत राहायची आणि दाब अगदी सावकाश वाढवायचा. ठप्प, मग खरखर, मग स्वच्छ. स्वच्छ झाल्या क्षणी थांबायचं. तेवढाच दाब लागतो, आणि तो आपण लावतो त्याच्या बराच कमी असतो. इतकं करूनही दाब जास्तच लागत असेल तर तारांची उंची मोजावी. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली २ ते २.५ मिलिमीटर ठीक; साडेतीन-चार असेल तर बोटांचा काही दोष नाही. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड ओल धरतं, वरची फळी फुगते आणि तारा उचलल्या जातात; मेमध्ये हात बसलेल्या कॉर्ड पावसाळ्यात जड वाटतात त्या यामुळे. गिटार भिंतीच्या खिळ्यावर न टांगता सिलिका जेलच्या पुड्या टाकून बॅगेत ठेवावी. उन्हाळ्यात याच्या उलट, हवा कोरडी पडते, तेव्हा त्या पुड्या काढून घ्याव्यात. शिकताना दहाचा पातळ सेट लावला तर हाताला पुष्कळ आराम मिळतो.

डोळे मिटून सराव करावा का, असं नेहमी विचारलं जातं. दिवा बंद करून थोडा करावा, त्याने स्पर्शाकडे लक्ष जातं. रूम पार्टनर झोपल्यावरची वेळ त्यासाठी आयतीच असते. पण मुख्य सराव डोळे उघडे ठेवून, नजर एखाद्या कामाला लावून करावा असं माझं मत आहे. प्रत्यक्षात नजर गाण्याच्या शब्दांवर असते, गाणाऱ्याकडे असते, ढोलकीवाल्याच्या हाताकडे असते. शब्दांचा कागद डोळ्यांच्या उंचीला, हात-दीड हात लांब लावावा. मांडीवर ठेवला की मान पुन्हा खाली. सुरुवातीला चाल अशी घ्यावी की जी गाताना विचार करावा लागत नाही, गणपतीतली आरती घ्या हवं तर. कॉर्ड शब्दाच्या थोडी आधी बदलायला हवी, आणि हेच पहिल्यांदा सुटतं: गाणारा शब्दावर पोचल्यावर हाताला आठवण होते. फिरोदिया करंडक या पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी बसवलेल्या एकांकिकांत वाजवणारी मुलं हे लवकर शिकतात, कारण प्रवेश बदलताना रंगमंचावर अंधार होतो आणि संगीत थांबलेलं चालत नाही.

डोळ्यांशिवाय कुठवर मजल जाते याला तोड नाही म्हणावी अशी माणसं आहेत. अमेरिकेतले डॉक वॉटसन (१९२३–२०१२) तान्हेपणीच दृष्टी गमावलेले होते आणि पिकने वेगवान सुरावटी वाजवण्यात त्यांचा दबदबा होता. पोर्तो रिकोत जन्मलेले होसे फेलिसियानो जन्मापासून अंध. याउलट मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांबीने वाजवायची हवाईयन गिटार हा नजरेचाच खेळ; तिथे कांब फ्रेटच्या रेघेवर नेमकी यावी लागते आणि गिटारचं तोंड वर असल्याने सगळं दिसतं. ती वाजवणाऱ्याने वरचं सगळं खुशाल सोडून द्यावं.

एवढं झाल्यावर एक दिवस कुणाच्या घरी दुसरी गिटार हातात येते आणि नजर पुन्हा खाली जाते. तारेची लांबी ६४८ च्या जागी ६२८ मिलिमीटर असेल तर पहिल्या घरात जेमतेम एक मिलिमीटरचा फरक पडतो, हात तो दोन मिनिटांत सावरतो. जड जाते ती रुंदी. स्टीलच्या गिटारचा नट ४३ मिलिमीटरच्या आसपास, क्लासिकलचा ५२ पर्यंत. तारांमधलं अंतर सातवरून साडेआठच्या घरात जातं आणि सी लावताना अनामिका पाचवीच्या अलीकडेच पडते. अशा वेळी पहिलं गाणं सुरू करायच्या आधी ई मायनर, ए मायनर, सी एवढ्या तीन कॉर्ड गुडघ्यावरून हात आणून चार-चारदा लावाव्यात. कॅपोचं (नेकवर सगळ्या तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याचं) पण तसंच. दुसऱ्या घरात कॅपो लावला की नट ७१ मिलिमीटर पुढे आल्यासारखं होतं, घरं अरुंद होतात आणि कडेवरचे ठिपके दोन घरांनी चुकीचे बोलतात: तिसऱ्याचा ठिपका आता पहिल्या घरात. एरवी न बघता वाजवणारे इथे गडबडतात, म्हणून रोजच्या दहा मिनिटांतली दोन कॅपो लावून काढावीत, एक दिवस दुसऱ्या घरात, एक दिवस चौथ्यात.